नत्थुजी गार्डची पन्नी

माझे भाऊजी नत्थुजी भुयार रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. भुयार आडनावाचा माणूस रेल्वेत, यावर करता येतील तेवढे विनोद बडनेऱ्यात करून झालेले आहेत, म्हणून मी नवा करत नाही. मला सांगायचं आहे ते पन्नीविषयी.

पन्नी म्हणजे नव्या वस्तूवर येतं ते प्लास्टिक. बाकीचे लोक वस्तू घरी आणली की आधी पन्नी फाडतात. भाऊजींच्या घरी पन्नी हीच मुख्य वस्तू, आतलं सामान तिच्या आश्रयाला. फ्रीजच्या दाराला पन्नी, रिमोटला पन्नी, स्कूटरच्या सीटला पन्नी. भिंतीवरच्या घड्याळालाही पन्नी, त्यामुळे त्या घरात किती वाजले ते अंदाजानेच सांगावं लागतं. सोफ्याला तर दुकानातून आली तीच जाड, कडकड वाजणारी पन्नी. उन्हाळ्यात त्या सोफ्यावर बसलेला माणूस उठला की अर्धी कातडी तिथेच राहते. मी पडलो साळा, माझं तिथे काय चालणार? मी आपला खाली चटईवर बसतो.

"भाऊजी, काढा ना आता ते पन्नी," मी एकदा म्हटलं.

"पन्नी हाय तोवर वस्तू दुकानातलीच रायते, पंजाबा," ते म्हणाले. "पन्नी काढली का घरातली झाली. घरातली झाली का जुनी झाली."

या शास्त्रापुढे माझी बहीण मनकर्णाताई हरलेली होती. तरी दर दिवाळीला झाडझूड करताना ती एकदा विचारायचीच, "काढू का जी सोफ्याची पन्नी?" आणि भाऊजी पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "सिग्नल नाई." गार्डाने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी सुटत नाही, हा कायदा त्यांनी घरालाही लावला होता. ताईची गाडी लग्नापासून स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलला उभी. आणि झेंड्याचं म्हणाल तर घरात झेंडा होता. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी हारासोबत एक कोरा हिरवा झेंडा आठवण म्हणून दिला होता. तो कपाटात. पन्नीत.

आता असा माणूस हट्टी, कंजूस, खडूस वाटेल. कंजूस ते नव्हते. पण त्यांना कुठलीही गोष्ट सुरू करायची भीती वाटायची असं माझं मत आहे, आणि त्याला कारण त्यांची नोकरी आहे.

मालगाडीचा गार्ड बसतो सगळ्यात शेवटच्या डब्यात. इंजीन कुठे तरी पार पुढे, मध्ये कोळशाचे नाही तर सिमेंटचे डबेच डबे. वळणावर इंजिनाचं तोंड दिसलं तर दिसलं. बाकी उभी नोकरी भाऊजींनी मागे पळणारे रूळ पाहत काढली. येणारं गाव त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं ते जाणारं गाव. परतीची गाडी बहुतेक रात्रीची, तिच्यात नुसता अंधार.

पुढे इंजिनात असायचे दाऊदमिया. दोघांची दोस्ती सगळ्या बडनेऱ्याला ठाऊक. ड्युटी लावणाऱ्या बाबूच्या मागे लागून दोघं एकच गाडी मागून घ्यायचे, आणि मग त्याच गाडीच्या दोन टोकांना बसून जायचे. बोलणं वॉकी-टॉकीवर. दाऊदमिया पुढून सांगायचे, "गार्डसाब, बोरगावच्या पुढं रुळाच्या बाजूले मोर नाचून राहिला, काय पिसारा हाय!" भाऊजी दाराला लटकून वाट पाहायचे. त्यांचा डबा तिथे पोचेपर्यंत मोर भोंग्याला भिऊन पळालेला असायचा. सगळ्या नोकरीत भाऊजींना एकही मोर दिसला नाही.

"गार्डसाब, दुनिया तुमी बी पाह्यली," दाऊदमिया चिडवायचे, "पण पाठमोरी."

नोकरीत असताना इंजिनात चढून बसणं भाऊजींना जमलं नसतं. जो माणूस पन्नी मोडत नाही तो कायदा काय मोडणार? पण मनात एक होतं, आणि ते त्यांनी ताईला आणि मला कितीदा तरी बोलून दाखवलं होतं. "एक डाव पुढं बसाचं हाय. मी चालवीन, दाऊदमिया बाजूले बसतीन. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत. बस."

निवृत्तीनंतर हे कसं जमणार होतं? जमलं ते माझ्या दुकानामुळे, आणि त्याचा मला पुढे भरपूर पश्चात्ताप झाला.

अकोल्यात जठारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या साली कपाशीवर बोंडअळी पडली होती. नुकसानीच्या अर्जांच्या झेरॉक्सला माझ्याकडे सकाळपासून गर्दी. बोंड फोडून अळी दाखवत लोक रांगेत उभे राहायचे. बाजार सारा थंड आणि माझं मशीन तेवढं गरम. धंदा चालल्याची लाज वाटावी असे ते दिवस होते. माझ्या शेजारी फरदीनचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याच्याकडे चिटपाखरू नव्हतं, म्हणून तो बसल्या बसल्या रेल्वे चालवायचा गेम खेळत होता. भाऊजी मला भेटायला आले, रांग पाहून बाजूला सरकले आणि फरदीनच्या दारात थांबले ते थांबलेच.

पडद्यावर इंजिनाची काच होती आणि काचेतून रूळ पुढे येत होते.

"हे कोणतं सेक्शन हाय?" भाऊजींनी विचारलं.

"आपलंच, काका. बडनेरा ते अकोला. रेल्वेच्या नादी लागलेल्या पोरायनं बनवून फुकट टाकलं. टेसनं, फाटकं, सगळं हाय."

"अन् याच्यात मानूस पुढं बसते?"

"पुढंच बसते ना, काका."

भाऊजींनी त्या दिवशी चहा घेतला नाही. माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाले, "पंजाबा, घ्याचं तं एकदाच घ्याचं. सगळ्यात तगडं घ्याचं."

फरदीनने खरंच तगडं जमवलं. विटेएवढं जाड ग्राफिक कार्ड, त्याला तीन पंखे. आतला प्रोसेसर असा की फरदीन तो हातात धरताना श्वास रोखायचा. "काका, याच्यावर तुमी हवाई जहाज उडवू शकता," तो म्हणाला. भाऊजी म्हणाले, "मले मालगाडी पुरे." जोडणी चालू असताना ते स्टूल टाकून शेजारी बसून राहिले. लग्नाच्या मांडवात मुलीचा बाप बसतो तसे. फरदीन शुक्रवारच्या नमाजाला गेला तेवढा वेळ त्यांनीच सामानाची राखण केली. कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या, त्याच्या काचेवरच्या, पडद्यावरच्या पन्नीला हात लावायचा नाही, ही अट त्यांनी आधीच घातलेली. फरदीन मला डोळा मारून म्हणाला, "भाई, ऐसा गिऱ्हाईक नाई पाह्यला. ये काका तो खोका भी लेके जाएंगे." खोके तर ते घेऊन गेलेच, आतला थर्माकोलसुद्धा.

बडनेऱ्याला सगळं मांडून झालं. ताईने यंत्राला हळदकुंकू लावलं, पन्नीवरून. भाऊजींनी चष्मा पुसला, खुर्चीवर बसले (खुर्चीही पन्नीत), आणि गाडी सोडली.

गाडी हलली. छान हलली. भाऊजींचा चेहरा असा झाला की मी पडदा सोडून त्यांच्याकडेच पाहायला लागलो. आणि स्टेशनच्या बाहेर पडता पडता गाडी अडकली. मग एक झटका घेऊन पुढे. परत अडकली. लग्नाच्या अल्बमची पानं उलटावीत तसं एकेक चित्र यायला लागलं. खांब दिसायचा, तसाच दिसत राहायचा, मग एकदम नसायचा. भोंगा दाबला तर तो गाडी पुढे गेल्यावर कधी तरी वाजायचा. फाटकावरची जीप आमच्या इंजिनाच्या पोटातून आरपार गेली.

"हे काय व्हय?" ताई म्हणाली. "याच्यापेक्षा आपली यष्टी बरी."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. घरात कॉम्प्युटरचा जाणकार मी, कारण माझं झेरॉक्सचं दुकान! झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकला तर मी थापड मारतो, आणि माझं तेवढंच ज्ञान आहे. मी इथेही हळूच थापड मारून पाहिली. उपयोग झाला नाही.

मग मी फरदीनच्या मागे लागलो. फोनवर त्याने काय काय बदलायला लावलं ते मला आता सांगताही येणार नाही. शेवटी म्हणाला, चित्राची सफाई कमी करा, झाडं-झुडपं बंद करा, गेम पळंन. तसं केलं तर गाडी थोडी बरी चालली, पण बाहेर नुसतं वाळवंट. भाऊजी खवळले. "कुरूमच्या बाभळी कुठं गेल्या? बाभळी नाई तं मी कुरूम कसं वळखू? या तगड्या मशिनीवर मी बोडक्या रानातून गाडी नेऊ काय?"

झाडं परत आणली. गाडी परत अडकली.

ताईने लिंबू-मिरची बांधली. गल्लीतल्या वायरमनने अर्थिंग तपासली. मी फरदीनला वाटेल ते बोललो, की तू माझ्या भाऊजींना जुना माल नवीन म्हणून विकला. तो पोरगा रडकुंडीला आला. "भाई, कसम से, माल एकदम नंबर एक हाय. मले वाटते कूलरचा लफडा हाय. काकाले म्हणा, कूलर पाहा. कूलर बरोबर बसला नसंन."

हा निरोप मी जसाच्या तसा भाऊजींना दिला.

आता आमच्या अमरावती-अकोल्यात कूलर म्हणजे एकच. पत्र्याचा, तीन बाजूंनी वाळ्याचा, खाली पाण्याची टाकी, चालू केला की घरात बोललेलं ऐकू येत नाही तो. तो उन्हाळ्यात निघतो आणि पाऊस पडला की माळ्यावर जातो. तेव्हा महिना होता पौष. बाहेर लोक शेकोट्या करत होते. भाऊजींनी स्वतः शिडी लावली, कूलर माळ्यावरून उतरवला, टाकी भरली आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे करून तो सुरू केला.

"फरदीन म्हणते कूलर बरोबर बसला पायजे," त्यांनी कूलरखाली विटा लावत सांगितलं. "बसवला."

मला शंका आली नाही का? आली होती. पण गंमत अशी की कूलर लावल्यावर गेम खरंच बरा चालायला लागला! पाणी ताजं असेपर्यंत गाडी टाकळीपर्यंत नीट जायची. ताई स्वेटर घालून, वर शाल पांघरून, कानाला रुमाल बांधून स्वयंपाक करायची. मी भेटायला गेलो तर तिने दार उघडलं आणि दात वाजवत म्हणाली, "ये पंज्या. काश्मीरले ये." खुर्चीवर भाऊजी बंद गळ्याचा कोट घालून बसलेले, टाकळीच्या पुढे अडकलेले.

इथवर मलाही हसू येत होतं. मग दाऊदमियांची बातमी आली.

त्यांची मुलगी लुबना सुरतेला दिलेली. दाऊदमियांची बायको वर्षभरापूर्वी गेली होती, आणि आता लुबना बापाला कायमचं न्यायला आली होती. बडनेऱ्याचं घर विकायचं ठरलं. जायच्या आधीच्या रविवारी दाऊदमिया भाऊजींकडे जेवायला येणार होते. भाऊजींनी मला फोन केला. एरवी हा माणूस फोनवर ओरडतो, सवयीने. त्या दिवशी हळू बोलले.

"पंजाबा, मी दाऊदमियाले सांगून बसलो. म्हटलं, या रविवारी, मी चालवतो, तुमी बाजूले बसा. आता नाई झालं तं कवा होते? जिंदगीभर मांगं बसलो. आता पुढं बसलो तं गाडीच नाई चालत."

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा स्वभाव. मी तडक शेजारी गेलो, फरदीनचं शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, रविवारी सकाळच्या पॅसेंजरने तू माझ्यासोबत बडनेऱ्याला येणार, तुझी हत्यारं घेऊन, आणि गाडी चालल्याशिवाय परत येणार नाही. तो निमूट आला.

रविवारी फरदीन आत शिरला, खोलीतला कूलर पाहिला, विटा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. "भाई, ये क्या हाय?"

"तूच सांगतला ना."

त्याने कपाळावर हात मारला, पण काही बोलायच्या आत दाऊदमिया दारात आले. उंच माणूस, पांढरी दाढी, हातात ताईसाठी सीताफळाच्या रबडीचं मडकं. ते सोफ्यावर बसले आणि पन्नी कडकडली.

"या अल्ला," दाऊदमिया म्हणाले. "गार्डसाब, मी आता सुरतले चाललो. परत येतो का नाई मालूम नाई. मले एक डाव तरी असली सोफ्यावर बसू द्या!"

ताई तोंडाला पदर लावून हसली. भाऊजींना ते लागलं.

"पन्नीले हसू नका, दाऊदमिया. पन्नी आहे म्हणून वस्तू आहे. हे पोरगं एवढं शिकलेलं, पण पन्नीची कदर नाई. या मशिनीतली एक पन्नी यानं फेकूनच देली होती. मी होतो म्हणून वाचली."

फरदीनने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कोणती पन्नी, काका?"

"तू जुम्म्याच्या नमाजले गेल्ता नाई का? तो पंखा नाई का मोठा, त्याच्या खाली तांब्याचं बूड होतं. आरशासारखं. त्याच्यावरची पन्नी तू काढून कचऱ्यात टाकली होती. मी म्हटलं, पोरगं घाईत हाय. उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली अन् जशीच्या तशी लावून देली." भाऊजींनी अंगठा हवेत फिरवून दाखवला. "असं दाबून. एक फुगा राहू देला नाई."

ताईने जाऊन पत्र्याचा घरघरणारा कूलर बंद केला.

"काका," फरदीन हळूच म्हणाला, "तोच कूलर होता."

"कोणता?"

"मी फोनवर सांगतला तो. तांब्याचं बूडवाला. त्यालेच कूलर म्हणते."

मग त्याने समजावून सांगितलं, आणि त्याचं भलं होवो, हसला नाही. प्रोसेसर काम करतो म्हणजे तापतो. तांब्याचं ते बूड त्याला चिकटून बसतं, गर्मी ओढून घेतं आणि पंखा ती बाहेर फेकतो. मध्ये पन्नी राहिली तर गर्मी निघत नाही. मग प्रोसेसर जळू नये म्हणून आपणच आपली चाल कमी करतो. कितीही तगडा असला तरी.

भाऊजींनी कॉम्प्युटरच्या डब्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "मांगून ब्रेक मीच लावून बसलो होतो."

गार्डाच्या डब्यात एक हातब्रेक असतो. दाऊदमियांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला.

फरदीनने डबा उघडला, स्क्रू काढले आणि ते बूड बाहेर आणलं. पन्नी तपकिरी होऊन चिकटली होती. एक फुगा नव्हता, हे खरं. फरदीनने ते भाऊजींसमोर धरलं. "काका, तुमीच काढा."

मी त्या माणसाला आयुष्यात पन्नी काढताना पाहिलं नव्हतं. नखाने एक कोपरा उचलला, थांबले, ताईकडे पाहिलं. मग लहान पोराच्या जखमेवरची पट्टी काढावी तशी हळू हळू त्यांनी ती काढली आणि खिशात ठेवली. फरदीनने बूड पुसलं, गर्मी पोचवणारा नवा लेप लावला, सगळं परत बसवलं.

"चला," दाऊदमिया उठून खुर्ची ओढत म्हणाले. "गार्डसाब, आज मी तुमचा असिस्टंट."

गाडी सुटली. आणि काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी गेली. खांब येत होते आणि जात होते, एकेक, ओळीने. भोंगा दाबला की वाजत होता. भाऊजी ताठ बसलेले. टाकळी गेलं. ताईने टाळी वाजवली. मीही वाजवली, मला काय लाज?

पण थोड्या वेळाने भाऊजींची मान इकडेतिकडे व्हायला लागली.

"हे कोणतं टेसन येऊन राहिलं?"

"कुरूम," दाऊदमिया म्हणाले.

"कुरूम असं दिसते?"

पुढे परत तेच. "अन् हे?" "माना." "ह्या बाजूनं माना असं हाय?" त्या गडबडीत मूर्तिजापूरच्या अलीकडचा लाल सिग्नल त्यांनी सरळ ओलांडला. गेम बंद पडून पडद्यावर सूचना आली. दाऊदमिया पोट धरून हसले. "गार्डसाब, लाल खाल्ला! माझी नोकरी असती तं गेली होती आज!"

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "दाऊदमिया, मले माझीच लाइन वळखू नाई येऊन राहिली," ते म्हणाले. इतकी वर्षं जिची आस धरली ती जागा मिळाली आणि तिथे हा माणूस परका. मला आता त्या गेमचा, फरदीनचा, सगळ्या रेल्वेचाच राग आला.

दाऊदमियांचं हसू थांबलं. ते फरदीनला म्हणाले, "बेटा, याच्यात मांगचं दिसते का? गार्डच्या डब्यातून?"

"दिसते ना, चाचा."

"मंग ने तिकडं. गाडी तुमीच चालवा, गार्डसाब, पण मले मांगं घेऊन चला. मी कवा पाह्यलंच नाई."

फरदीनने मूर्तिजापूरहून गाडी पुन्हा सुरू करून दिली, एक बटण दाबलं, आणि पडद्यावर रूळ मागे पळायला लागले. भाऊजी पुढे झुकले. आवाज बदलला.

"हं. आता पाहा. हे मूर्तिजापूर चाललं. तो पाण्याचा हौद दिसला? त्याच्या मांगं चिंच हाय, आता निघंन बाहेर. निघाली! आता काटेपूर्णेचा पूल. पुलावर आपल्या डब्याचा आवाज येगळा येते, तुमाले इंजिनात नाई समजत. पूल सुटला का डाव्या हाताले वावर. इथं बाया निंदाले असत. काम थांबवून हात दाखवत."

"मले बी दाखवत," दाऊदमिया म्हणाले.

"नाई, दाऊदमिया. इंजीन आलं का त्या कानावर हात ठेवत. भोंगा तुमचा मरणाचा. सगळी गाडी जाऊ देत, अन् मंग शेवटच्या डब्याले हात दाखवत. मी बी दाखवो. दूर जावस्तोवर दाखवो."

पडद्यावर वावर होतं, त्यात बाया नव्हत्या. तेवढ्या त्या पोरांनी काढल्या नव्हत्या.

"एवढं सारं माझ्या मांगून जात होतं," दाऊदमिया म्हणाले. "अन् मी तुमाले मोराचे किस्से सांगत होतो."

अकोल्यापर्यंत ते असेच गेले. बटण दाबून घडीभर पुढे, घडीभर मागे. पुढचं दाऊदमियांनी सांगायचं, मागचं भाऊजींनी. जेवण गार झालं. ताई ओरडली नाही. रबडी मात्र मी आणि फरदीनने तोवर संपवली, खोटं कशाला बोलू!

दोन-तीन दिवसांनी दाऊदमिया सुरतेच्या गाडीने निघाले. त्यांना निरोप द्यायला मी मुद्दाम आलो होतो. मी म्हटलं, भाऊजी, चला, स्टेशनवर जाऊ. ते म्हणाले, "फलाटावर कोणी बी जाते." आणि कपाट उघडलं.

भाऊजींचं घर लाइनला लागून, अकोल्याच्या बाजूला. आम्ही गच्चीवर गेलो. ताई खालीच राहिली, अंगणात, तिथूनही गच्ची दिसते. स्टेशनावर गाडीचा भोंगा झाला. भाऊजींनी झेंडा काढला. कोरा, घड्यांच्या रेघा पडलेला, पन्नीत. मी म्हटलं आता पन्नीसकट हलवतात की काय. पण त्यांनी पन्नीचं तोंड धरलं आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडली.

गाडी आली. भाऊजी कठड्याशी ताठ उभे राहिले, नोकरीत राहायचे तसे, आणि हात लांब करून झेंडा हलवायला लागले. इंजीन गेलं, डबे जायला लागले. मध्ये कुठे तरी एका खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्या हातात काहीतरी हिरवं फडफडलं. लुबनाची ओढणी. ड्रायव्हरने गार्डाला उलट हिरवं दाखवायचं असतं, तसं. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी बोंबलत हात हलवला. शेवटचा डबा गेला तरी भाऊजींचा झेंडा हलतच होता. दूर जावस्तोवर.

मग त्यांनी झेंडा खाली केला, आणि तेवढ्यात खालून, घरातून, मोठ्ठा आवाज आला. टर्रर्र. परत एकदा टर्रर्र.

"काय फाटलं व?" भाऊजी ओरडले.

"काई नाई जी," ताईचा आवाज सोफ्यावरून आला. "हिरवा झेंडा दिसला, म्हणून गाडी सोडली."